गावच्या सड्यासाठी पवनचक्कीचा एजंट कोपरखैरणेत आला, तर काय करायचं

मी कोपरखैरणेत दस्त टाईप करून देते. माथाडी वसाहतीतली गिऱ्हाईकं बरीचशी पाटण-जावळीकडची. माणूस तुर्भ्याच्या मार्केटात राबतो, आणि गावी पठारावर सामाईकात थोडा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, जिथं वरी-नाचणीपलीकडे काही पिकलं नाही. वनकुसवडे, चाळकेवाडीकडे पवनचक्क्या आल्या तशी असल्या सड्यालाही किंमत आली. एजंट गावात नावं काढतो आणि पेढ्याचा पुडा घेऊन थेट इथं दारात. हातात तयार कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. ‘तुम्हाला गावी खेटे नकोत म्हणून.’

त्या दिवशी सही करायची नाही. कागदाची झेरॉक्स ठेवून घ्या, चहा पाजा आणि वाटेला लावा.

आधी सातबारा काढा. महाभूमीच्या साईटवर डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. आठ-अ (खात्याचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) हेही बघा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. वडील जाऊन वर्षं लोटली तरी नाव त्यांचंच असतं, म्हणून वारस नोंद आधी. इथंच एजंट हळूच म्हणतो, ‘ताईंचं हक्कसोड घेऊन टाकू, एक सही कमी.’ हक्कसोड म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. कायद्यानं २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. ताईला फोन तुम्ही करा, एजंटला करू देऊ नका.

मग ते कुलमुखत्यारपत्र. पहिलं पान सगळे वाचतात, घोळ आतल्या पानांत असतो. माझ्या टेबलावर आलेल्या एकात ओळ होती: ‘सदर मिळकत भाडेपट्ट्याने देणे, विक्री करणे, रस्ता व तारांसाठी हक्क देणे, मोबदला स्वीकारून पावती देणे.’ म्हणजे जमीन तुमची, पैसे घेणार तो, आणि भाड्याचं बोलता बोलता विक्रीचाही अधिकार दिला. ‘विक्री’ आणि ‘मोबदला स्वीकारणे’ खोडायला लावा. खरं तर पत्रच देऊ नका. सातारची एसटी आहे, सहीपुरतं एक दिवस जाता येतं.

भाडेपट्टा एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृतच लागतो; नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही. त्यात मुदत, भाडं किती वर्षांनी किती वाढणार, क्रेनसाठी आणि रस्त्यासाठी वेगळी किती जागा जाणार, गुरं चरायला मोकळी राहणार का, कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडं कोण देणार, हे आकड्यांत लिहून घ्या. आणि मुदत संपल्यावर खांब, पाती आणि जमिनीतलं काँक्रीट कोण काढणार? त्यासाठी आधीच अनामत मागा. जुना पंखा बंद पडल्यावर कोणी फोन उचलत नाही.

आता जे कागदावर येत नाही ते. भाडं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतं, आवाज मात्र सगळ्या वाडीला. पवनचक्क्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना जनसुनावणी लागत नाही. २०१६ पासून प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीतही त्या ‘पांढऱ्या’ गटात, म्हणजे जवळपास प्रदूषण न करणाऱ्यांत. थोडक्यात, तुमच्या चुलत्याला विचारायला कोणी येणार नाही. म्हणून विषय ग्रामसभेत घ्यायला लावा आणि ठरावाची नक्कल मागा. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत पंख्यापासून राहतं घर किमान ५०० मीटर लांब असावं असं आहे, आणि निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. नकाशावर शेवटच्या घरापासून टेप लावून बघा. गावठाणापासून मोजलेलं अंतर चालवून घेऊ नका, धनगरवाडा नेहमी गावठाणाबाहेर असतो.

पंखे जोरात फिरतात जून ते सप्टेंबर, आणि नेमका तेव्हा मुंबईकर गावी नसतो. आपण जातो चैत्रातल्या जत्रेला. तेव्हा वारा पडलेला, सगळं छान. श्रावणात दोन रात्री पवनचक्कीच्या वाडीत मुक्काम करा, उशाशी आवाज ऐका, मगच बोला. सकाळ-संध्याकाळ पात्याची सावली कुणाच्या ओसरीवर पडते तेही बघा. पाण्याचंही विचारा. सड्याच्या जांभ्यात मुरलेलं पावसाचं पाणी खाली झऱ्याला लागतं. रस्त्यासाठी तोच सडा खोदला तर पाणी गटारानं वाहून जातं. तुमच्या वाडीचा झरा कुठल्या अंगाला आहे हे म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. त्यांना घेऊन एकदा वर चढा.

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. वीज आपल्याला इथं हवीच, एसी काय वाऱ्यावर चालतो? पण नाही म्हटल्यावरही दस्त मागल्या दारानं होऊ शकतो. त्यासाठी सरकारच्या ‘आपली चावडी’ साईटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून फेरफाराच्या नोटिसा अधूनमधून बघत चला. आपला गट नंबर दिसला की १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.