घरची पवनचक्की करताय? या चुका टाळा

बालाघाटाच्या माळावर, बीड-धाराशिवकडं, कंपन्यांच्या पवनचक्क्या फिरताना बघून बघून माझ्याही डोक्यात किडा शिरला, की शेतात आखाड्यावर दोन बल्ब अन् मोबाईल चार्जिंगपुरती एखादी आपणच करू. झाली पण, तीनदा मोडून.

पहिलं मोटरचं, म्हणजे पंख्यानं फिरवून जिच्यातून वीज काढायची ती. मी भंगारातून जुना सिलिंग फॅन आणला, चांगला दिवसभर खपलो अन् मीटर हलायलाच तयार नाही, कारण साध्या फॅनमधे मॅग्नेटच नसतो. मग कारचा अल्टरनेटर आणला, त्याला हजाराच्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात, आपला चार फुटी पंखा सेकंदाला 5 मीटरच्या वाऱ्यात फिरतो जेमतेम 400, वर तो अल्टरनेटर बॅटरीचाच करंट खातो. शेवटी ई-स्कूटीच्या चाकातली हब मोटर जमली. तीन वायरी निघतात, थ्री फेज ब्रिज रेक्टिफायर लावा, तो एसीची डीसी करतो अन् करंट उलटा येऊ देत नाही. तो नसला अन् डीसी मोटर डायरेक्ट जोडली तर वारा थांबल्यावर बॅटरीच पंखा फिरवत बसते, लोकं म्हणतात वा काय भारी फिरतोय!

सगळ्यात मोठी फसगत मीटरची. मोकळ्या वायरीला 22 व्होल्ट दिसले की गडी लगेच स्टेटस टाकतो, बल्ब लावला की 4 व्होल्ट. मोजायचं ते लोड लावून, गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब जोडून, व्होल्ट गुणिले अँपियर. चार फुटी पंख्यावर 5 मीटरच्या वाऱ्यात एकूण ताकदच 85 वॅटच्या आसपास येते, त्यातली 59.3 टक्क्यांच्या वर कुणालाच काढता येत नाही (ही बेट्झची मर्यादा), घरच्या पीव्हीसी पात्यांनी 20-25 वॅट निघाले तरी खूप झाले. अन् वारा निम्मा झाला तर ताकद निम्मी नाही, आठवा हिस्सा उरते.

म्हणून जागा महत्त्वाची. मी पत्र्यावर, लिंबाच्या आडोशाला बसवली होती, दर मिनिटाला तोंड फिरवायची अन् पत्रा असा खडखडायचा की म्हातारी म्हणली काढ ते आधी. 300 फुटांत जे काही उंच असेल त्याच्या 30 फूट वर पंखा पाहिजे, पाईपला चारी बाजूंनी तारेचे ताण द्या.

लोड काढून पंखा कधीच मोकळा सोडू नका. सोलरचा साधा कंट्रोलर बॅटरी फुल झाली की लाईन तोडतो, मग पंख्याला धरणारं काहीच उरत नाही, अन् वळवाच्या वादळात माझं एक पातं तुटून थेट कडब्याच्या गंजीत घुसलं. डंप लोडवाला (बॅटरी फुल झाली की जास्तीची वीज दुसऱ्या लोडमधे जिरवणारा) कंट्रोलर घ्या, अन् आभाळ भरून आलं की वारा सुटायच्या आधीच तिन्ही फेज, म्हणजे मोटरच्या त्या तीन वायरी, एकत्र जोडून टाका, पंखा जाम होतो. भर वादळात हे करू नका, मोटरची वायंडिंग जळते.

पाती काट्यावर तोलून एकसारखी करा, नाहीतर थरथर सुरू होते. टेस्ट पहाटे वारा नसताना पिकअपवर बांधून करता येते, ताशी 20 म्हणजे साडेपाच मीटरचा वारा, फक्त पात्याच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

अन् चांगला फिरणारा पंखा अचानक जड झाला तर आधी रेक्टिफायर सोडवून हातानं फिरवून बघा, मोकळा फिरला तर शॉर्ट पुढं कुठंतरी आहे. मी दोन दिवस बेअरिंगला शिव्या घालत बसलो, निघाली उंदरानं कुरतडलेली वायर.