पीएम किसानचा हप्ता अडकलाय? तालुक्याला जायच्या आधी हे बघा

आटपाडी, जत, माण भागात हप्ता पडला की दरवेळी तेच, "शेजाऱ्याला आला, मला का नाही?" मग माणूस दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जातो, तिथनं सेतूत, सेतूतनं बँकेत, आणि संध्याकाळी मोकळ्या हातानं घरी. म्हणून आधी मोबाईलवर पाच मिनिटं घालवा.

पीएम किसानच्या साइटवर स्टेटसमध्ये रजिस्ट्रेशन नंबर टाका, माहीत नसेल तर तिथंच आधार किंवा मोबाईल नंबरवरनं मिळतो. ओटीपी टाकला की तीन गोष्टी दिसतात, ई-केवायसी (आधारवरनं ओळख पटलीय का), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलीय का) आणि आधार बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडलंय का). जिथं 'नो' आहे तेवढंच काम करायचं, बाकीची कागदं गोळा करत बसू नका.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा असतो. फॉर्ममध्ये कुठला का खाते नंबर लिहिलेला असेना, पैसे जातात आधारला शेवटी जी बँक जोडलीय तिथं. आमच्या चुलत्यांचे तीन हप्ते आले नाहीत म्हणून आम्ही चिडून बसलेलो, आणि स्टेटसला मात्र जमा दिसत होते. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव, कधीतरी उघडून विसरलेलं खातं, पासबुक ट्रंकेत तळाला. एन्ट्री मारायला दिलं तर मशिनमधनं ओळी छापत आल्या, २०००, २०००, २०००. चुलते काही बोललेच नाहीत, नुसतं त्या आकड्यांवरनं बोट फिरवत उभे राहिले.

खातं बदलायचं असेल तर बँकेत स्पष्ट सांगा, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय," म्हणजे सरकारी पैसे थेट ह्या खात्यात यायला पाहिजेत. नुसती आधारची झेरॉक्स दिली की केवायसी होतं, सीडिंग होत नाही, इथंच लोक फसतात. बँक लांब असेल तर पोस्टमनला सांगून पोस्ट पेमेंट बँकेचं खातं काढा, सीडिंगही तोच करून देतो.

ई-केवायसीला म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उठत नाहीत, आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताचे कसे उठणार. त्यांना सेतूत रांगेत उभं करू नका, पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून घरीच होतं.

लँड सीडिंग 'नो' असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. वडील वारलेत आणि उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल तर आधी तलाठ्याकडं वारसनोंद, त्याशिवाय पुढं काही सरकत नाही. शेतकरी आयडी काढला नसेल तर तोही काढून घ्या, आता शेतीच्या योजनांना लागतो. आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर हप्ता चालत नाही, एका कुटुंबाला एकच.

राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचा वेगळा फॉर्म नसतो, पीएम किसान नीट असलं की राज्याचे वर्षाचे ६००० त्याच खात्यावर येतात. म्हणजे एक 'नो' राहिला तर दोन्ही योजनांचे मिळून वर्षाला १२००० जातात, ह्या भागात तेवढ्यात जनावरांचा चारा येतो हो.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. शंका असेल तर १५५२६१ ला फोन लावा. आणि मेंढरं घेऊन बाहेर पडणार असाल तर निघायच्या आधीच हे सगळं उरका, आधारला जोडलेलं सिमकार्ड घरी न ठेवता सोबत घ्या, तिकडं रानात ओटीपी लागला तर दुसरा इलाज नसतो.