मतदानातील स्त्री-पुरुष आणि वयाचा फरक नागपुरात कसा अभ्यासावा

कोणी मतदान केले आणि कोणाला केले, हे दोन प्रश्न अभ्यासाच्या पहिल्याच पानावर वेगळे लिहून घ्यावेत. स्त्री आणि पुरुष मतदारांपैकी किती जणांनी मतदान केले याचे आकडे निवडणूक आयोग मतदारसंघनिहाय प्रसिद्ध करतो. मतदानयंत्रात मात्र दाबलेल्या बटणाचीच नोंद होत असल्यामुळे महिलांनी अमुक पक्षाला कौल दिला, हे कोणत्याही सरकारी आकड्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी सर्वेक्षणच करावे लागते.

कामाचा आरंभ मतदार यादीपासून करावा. नागपूर लोकसभा मतदारसंघात शहरातील सहा विधानसभा क्षेत्रे येतात आणि प्रत्येक क्षेत्राची यादी भागांमध्ये विभागलेली असते. महाल-इतवारीची जुनी वस्ती, धरमपेठ, इंदोरा असे परस्परांहून भिन्न भाग निवडावेत. यादीत प्रत्येक नावापुढे वय आणि लिंग असते, त्यावरून १८-१९, २०-२९, ३०-५९ आणि ६०च्या वरचे असे गट पाडून प्रत्येक गटातील स्त्रिया, पुरुष आणि तृतीयपंथी मतदार मोजावेत. १८-१९च्या गटात मुलींची नावे मुलांपेक्षा बरीच कमी आढळली, तर तो फरक मतदानाचा नसून नोंदणीचा आहे आणि त्याची कारणे घराघरांत शोधावी लागतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची मुलगी एवढीच ओळख दिली होती.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही बहुतेक अभ्यासांत ती घाईने उरकली जाते. टक्केवारी काढताना भाजक यादीतील नावांचा असतो, आणि यादीत नाव असलेली व्यक्ती त्या पत्त्यावर राहतेच असे नाही. नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेल्या तरुणाचे नाव नागपुरातच राहते; गडचिरोली-गोंदियाहून येऊन येथे शिकणाऱ्या मुलीचे नाव बहुधा तिच्या गावी असते; लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत अडकून पडते आणि मृत ज्येष्ठांची नावे वेळेवर कमी होत नाहीत. अशा नावांमुळे तरुण उदासीन आहेत किंवा म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, असे चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि एका पिढीवर असा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून निवडलेल्या भागातील काही घरे स्वतः फिरून किती नावे प्रत्यक्ष तेथे राहतात हे तपासावे, आणि यादीतील सर्व नावांवरून व प्रत्यक्ष राहणाऱ्यांवरून काढलेल्या दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी शेजारी मांडाव्यात.

मुलाखती मतदान संपल्यानंतर, घरातील स्त्रीशी स्वतंत्रपणे आणि शक्यतो महिला सहकाऱ्याकडून घ्याव्यात. बैठकीच्या खोलीत नवऱ्यासमोर किंवा सासऱ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर त्या घराचे असते, तिचे नसते. मत कोणाला दिले हे तोंडी न विचारता चिठ्ठीवर खूण करून बंद पेटीत टाकायला सांगावे. केंद्र किती दूर होते, एप्रिलच्या उन्हात ती कोणत्या वेळी गेली, मजुरी बुडाली का, लहान मूल कोणाजवळ ठेवले, हेही विचारावे. मतदान न करण्याची कारणे पुष्कळदा येथेच सापडतात. ज्येष्ठांच्या बाबतीत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मतदानाची सोय होती, तिची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती का, हे नोंदवावे.

वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम यांत गल्लत होऊ देऊ नये. मतदानाचे वय २१ वरून १८ वर १९८९ साली आले. तेव्हाचे अठरा वर्षांचे मतदार आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांचा आजचा कल वाढत्या वयातून आला की त्या काळाच्या राजकारणातून, हे एका निवडणुकीच्या सर्वेक्षणातून कळत नाही. त्यासाठी २०१४ मध्ये विशीत असलेल्यांची तुलना २०२४ मधील तिशीतल्यांशी करावी.

निष्कर्ष लिहिताना देशाचा कल संदर्भ म्हणून द्यावा. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांचे मतदान पुरुषांपेक्षा १६ टक्के-बिंदूंहून अधिक कमी होते. २०२४ मध्ये ते ६५.७८ टक्के, म्हणजे पुरुषांच्या ६५.५५ टक्क्यांपेक्षा किंचित अधिक होते. या वाढीवरून स्त्रिया एकगठ्ठा मतदान करतात असे मात्र म्हणता येत नाही. नागपूरने १९५२ साली अनसूयाबाई काळे यांना लोकसभेवर पाठवले, पण त्या विजयात स्त्रियांच्या मतांचा वाटा किती होता हे निकालपत्रावरून ठरवता येत नाही. त्याचप्रमाणे केंद्रनिहाय निकालात महिला मतदार अधिक असलेल्या केंद्रावर एखादा पक्ष पुढे दिसला, तरी ती मते तेथील महिलांचीच होती असे लिहू नये; केंद्राचा आकडा केंद्राविषयीच बोलतो.