जिताड्यासाठी सामान घेताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की अलिबागकडे, साळावच्या पुलाजवळ आणि रेवदंड्याच्या धक्क्यावर नवे कोरे रॉड दिसायला लागतात. बघून बरं वाटतं. आमच्या लहानपणी बाटलीला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळून मासे गरवायला येणारी चार पोरं असायची, आता पुण्या-मुंबईहून मुलंमुली येतात. पण संध्याकाळी परतताना बहुतेकांचं वाक्य एकच असतं: "लागला होता, पण सुटला." मासा सुटत नाही, सामान त्याला सोडतं. आणि ते सामान दुकानातच चुकलेलं असतं.

घोळ सुरू होतो एका शब्दापासून. जिताडा, म्हणजे आपल्या खाडीतला हा मोठा मासा, त्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. मुलं मोबाइलवर 'बास फिशिंग' शोधतात आणि समोर येतो अमेरिकेतला लार्जमाउथ बास. तो गोड्या पाण्यातला, तळ्यातला, शेवाळात दडणारा मासा. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात झाला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे जेमतेम दहा किलो. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या तोडीचा दुसरा मिळाला, बस्स. आपल्याकडे दहा किलोचा जिताडा म्हणजे मोठा मासा खरा, पण त्यात विक्रम कसला? शिवाय खारं पाणी, भरती-सुकतीची ओढ, खांबांना आणि दगडांना चिकटलेली धारदार कालवं. तिकडच्या तळ्यासाठी घेतलेलं सामान इथे कसं पुरेल?

माझं म्हणणं एकच आहे. खरेदी गरीकडून, म्हणजे हुकापासून, सुरू करा आणि रॉडकडे शेवटी या. गरी, ती जोडणारी कडी, लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा जाड दोरीचा तुकडा), गाठ, दोरी, रील, मग रॉड. लोक नेमकं उलटं करतात. सगळे पैसे रॉडवर संपवतात आणि ज्या शेवटच्या एका मीटरवर मासा लोंबकळणार असतो, तिथे दुकानदाराने फुकट दिलेलं स्विव्हल (फिरती कडी) लावतात.

लीडर न लावणं

ही चूक बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण तिचा खर्च सगळ्यात कमी आणि नुकसान सगळ्यात मोठं.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. ऑक्टोबरात तो पुण्याहून आला, सोबत सात फुटी बास रॉड, छान रील, वीस पौंडी ब्रेड, म्हणजे वीस पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी. मी त्याला चौलकडच्या एका खाजणाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) उघाडीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, नेलं. सुकती लागली की खाजणातलं पाणी उघाडीतून जोरात बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयटी वाहत येतात, आणि जिताडा दगडाच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. जागा उत्तम, वेळ उत्तम. भाच्याने ब्रेडच्या टोकाला थेट छोटी क्लिप बांधली होती. मी म्हटलं, "आधी लीडर बांध." तो म्हणाला, "मामा, व्हिडिओत तर थेटच बांधतात. पाणी चाललंय, दोन कास्ट मारून घेतो."

तिसऱ्या कास्टला, म्हणजे फेकीला, मासा बसला. पाण्याबाहेर अर्ध्या अंगाने आला, तोंड उघडं टाकून डोकं दोन्हीकडे झाडलं, आणि दोरी ढिली पडली. अंदाजे सहा-सात किलोचा असावा. भाचा म्हणाला, "गाठ सुटली बहुतेक." मी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. ब्लेडने कापावं तसं साफ कापलेलं होतं.

जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि ओठ कानशीसारखे खरखरीत. डोकं झाडताना दोरी त्या कडेवर आली की ब्रेड क्षणभरही टिकत नाही. ब्रेड ताणाला मजबूत, पण घासण्याला आणि कापण्याला अगदी नाजूक. तळ्यातल्या बासच्या कल्ल्याला अशी धार नसते, शेवाळात कालवंही नसतात, म्हणून तिकडे थेट बांधून भागतं.

मासा गेला की शिव्या देण्याआधी टोक बघायची सवय लावा. टोक कुरळं होऊन आलं असेल तर गाठ घसरली. साफ कापलेलं असेल तर कल्ला. पिंजलेलं, कापसासारखं असेल तर दोरी कालवांवर किंवा दगडावर घासली, नाहीतर रॉडवर दोरी जिथून जाते त्या एखाद्या कडीला तडा गेला आहे. तडा शोधायला कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे कापूस अडकेल ती कडी बदला.

लीडर किती? मी चाळीस ते साठ पौंडी, जवळजवळ एक मीटर लावतो. फ्लुरोकार्बन दोरी चांगली असते, पण खाडीच्या गढूळ पाण्यात ती 'दिसत नाही' याचे जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. जाडी चांगली असेल तर साधी तंगूस चालते, फक्त दर दोन-तीन माशांनंतर बोटाने चाचपायची. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधायचं. पाणी चाललेलं असताना हे जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी बांधायचं.

ब्रेड आणि लीडर जोडायला मी घरूनच एफजी गाठ मारून नेतो, कारण ती बारीक असते आणि कड्यांतून अडखळत नाही. अंधारात, वाऱ्यात पुन्हा बांधायची वेळ आली तर डबल युनी. तंगुसाला चालणारी क्लिंच गाठ गुळगुळीत ब्रेडवर घसरते, तिथे पालोमार मारा. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने तापून तंगूस तिथेच कमजोर होते. मग हाताला फडकं गुंडाळून जीव खाऊन ओढा. सुटायची असेल तर तुमच्या हातात सुटू दे. 'दहा सेकंदांत गाठ' शिकवणाऱ्या व्हिडिओंचा मला राग येतो. जी गाठ शिकायला एक संध्याकाळ लागते, ती शिकायला एक संध्याकाळ द्यावी.

ड्रॅग आवळून टाकणं, आणि लूरबरोबर आलेल्या गऱ्या

या दोन चुका मी एकत्र सांगतो, कारण मी त्या एकत्र केल्या आहेत. बाणकोटच्या खाडीत, होडीतून. लीडर चांगला, गाठ चांगली. मासा खांबाकडे धावला आणि मी घाबरून ड्रॅग (मासा ओढायला लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) पूर्ण बंद केला. दोरी तुटली नाही. लूर (खोटा मासा) परत आला तेव्हा मागची तिनगरी (तीन टोकांची गरी) सरळ होऊन सुईसारखी झाली होती. लूर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी बनवलेला, त्याच्या गऱ्या बारीक तारेच्या. मी त्या तपासल्याच नव्हत्या. तो मासा मला पुढे कित्येक रात्री आठवत राहिला.

आता नवा लूर आणला की आधी त्याच्या गऱ्या पक्कडीने वाकवून बघतो. सहज वाकली की काढतो, जाड तारेची लावतो, बरोबरीने गरी जोडणारी कडी, म्हणजे स्प्लिट रिंगही बदलतो. जास्त जड गरी लावली तर तरंगणारा लूर बुडायला लागतो, म्हणून बादलीत टाकून बघायचं. एवढी खटपट नको असेल तर एकच मोठी गरी असलेला रबरी मासा घ्या.

ड्रॅगचा हिशेब असा. साखळीत जे सगळ्यात कमजोर आहे, त्याच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर ड्रॅग सुटला पाहिजे. वीस पौंड म्हणजे नऊ किलो, म्हणजे तीन किलोला. ताणकाटा नसेल तर तीन लिटर पाणी भरलेला कॅन दोरीला बांधा आणि रीलमधून सरळ निघालेल्या दोरीने उचला. कॅन जमिनीवरून उठेना आणि ड्रॅग करकर सुटू लागला की जमलं. हे घरी करायचं, मासा लागल्यावर बटण फिरवत बसायचं नाही. लागल्यावर लागलाच जोर, तर बोटांनी स्पूल (दोरी गुंडाळलेलं चाक) हलकेच दाबा.

"ड्रॅग बिघडला" म्हणून रील दुकानात परत घेऊन जाणारे बरेच असतात. आधी नीट बघा: स्पूल जागेवर आहे आणि त्यावरचा दोरीचा अख्खा गठ्ठाच गरगर फिरतोय का? मग रील ठणठणीत आहे. गुळगुळीत स्पूलवर ब्रेड थेट बांधली की ती घसरते. खाली तंगुसाचे काही वेढे द्या, त्यावर ब्रेड भरा, आणि भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरा.

रील

पहिलं रील बेटकास्टर, म्हणजे फेकताना स्पूल फिरणारं, घेऊ नका. बासच्या व्हिडिओत सगळे तेच वापरतात, म्हणून मुलं तेच मागतात. दुपारनंतर आपल्याकडे वारा समुद्राकडून थेट तोंडावर येतो. लूर हवेत मंदावतो, स्पूल मात्र फिरतच राहतो, आणि दोरीचा असा गोळा होतो की सुकतीचा अख्खा तास तो सोडवण्यात जातो. ४००० आकाराचं स्पिनिंग रील, म्हणजे फेकताना स्पूल स्थिर राहणारं, घ्या, वर्षभर वापरा, मग बेटकास्टरचा विचार करा. डब्यावर किती बेअरिंग लिहिलीत ते मोजू नका. खाऱ्या पाण्यात पाच चांगली बेअरिंग तेरा साध्यांपेक्षा जास्त टिकतात.

घरी आल्यावर रील नळाखाली जोरात धुणं किंवा बादलीत बुडवणं, दोन्ही चूक. त्या दाबाने मीठ आत जातं. मी ड्रॅग आवळतो, वरून तांब्याने हलकं गोडं पाणी ओततो, पुसतो, सावलीत वाळवतो आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवतो. ओला लूर पेटीत टाकला तर सकाळी शेजारचे सगळे गंजलेले मिळतात.

रॉड

यावर मी फार बोलणार नाही. बारा फुटी टेलिस्कोपिक रॉड घेऊ नका, वाळू शिरली की त्याचे सांधे अडकतात. खाडीला आणि होडीला सात फूट, खडपावरून (किनाऱ्याच्या खडकांवरून) मारायचं असेल तर आठ-नऊ. 'मीडियम हेवी' या शब्दांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. रॉडच्या मुठीजवळ लूरचं वजन लिहिलेलं असतं, ग्रॅममध्ये किंवा औंसांत. एक औंस म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम. तुमचे लूर त्या आकड्यांमध्ये बसतात का, एवढंच बघा.

कुठला लूर, कुठला रंग, हे मला रोज विचारतात. आज तिथी काय, हे कोणी विचारत नाही. अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेकडे) पाणी जास्त धावतं, भांगाला (अष्टमीकडे) कमी. पाणी थांबलेलं असताना महागडा लूरही नुसता फिरत राहतो. हे गणित फुकट आहे आणि कुठल्याही रॉडपेक्षा जास्त मासे देतं.

उरलेलं, थोडक्यात

बासला खालच्या ओठाला अंगठ्याने धरतात तसं जिताड्याला धरू नका, कल्ल्यात बोट तर मुळीच नको. लिप ग्रिप (ओठ धरायचा चिमटा) किंवा जाड हातमोजा घ्या. शिंगाळा मासा लागला तर गरी पक्कडीनेच काढा, पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात. लांब दांड्याची पक्कड ही चैनीची वस्तू नाही.

वीज चमकायला लागली की रॉड खाली ठेवून निघा. कार्बनमधून वीज वाहते.

कापलेली ब्रेड पाण्यात किंवा तिवरांत टाकू नका. ती कुजत नाही, बगळ्याच्या पायात अडकते. मी जुन्या दोरीसाठी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात झाकणाची बाटली ठेवतो. भाच्यालाही तशीच एक दिली आहे, आणि आता येताना तो लीडर बांधूनच येतो.