राजीनामा कसा द्यावा: पत्र चार ओळींचं, घोळ तारखेचा

राजीनाम्यावरचे बहुतेक सल्ले पत्रातच अडकून पडतात. मायना कसा लिहावा, आभार किती मानावेत, कारण काय द्यावं. पत्र हा यातला सगळ्यात सोपा भाग. माणूस अडकतो तो पत्र दिल्यानंतर, ‘मग शेवटचा दिवस कुठला?’ या प्रश्नावर. लोट्यातली रसायनाची कंपनी असो, रत्नागिरीतला आंब्याचा कारखाना असो, मालवणातलं रिसॉर्ट असो नाहीतर गावातली पतसंस्था, साहेब सहसा तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘एवढा सीझन होऊ दे, मग बघू.’ आणि कोकणात कुठला ना कुठला सीझन चालूच असतो.

नव्या ठिकाणचं नेमणूक पत्र रुजू व्हायच्या तारखेसकट हातात आल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका. फोनवरचं ‘या तुम्ही, बघतो आम्ही’ म्हणजे नोकरी नव्हे.

पहिली पायरी: जुनं नेमणूक पत्र काढा

रुजू होताना सही करून फाइलला लावलेला हा कागद पुन्हा कोणी वाचत नाही. आता वाचा. नोटीस ‘एक महिना’ आहे की ‘३० दिवस’? फेब्रुवारीत हा फरक दोन दिवसांचा पडतो आणि दोन दिवसांवरून पगार कापलेले आहेत. नोटीस न देता तेवढा पगार भरून जाता येतं का, आणि ती मुभा तुम्हाला आहे की ‘व्यवस्थापनाच्या संमतीने’? भरपाई मूळ पगारावर मोजतात की सगळ्या पगारावर? शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का? या चार उत्तरांवर तुमची तारीख ठरते.

खासगी शाळेत असाल तर नेमणूक पत्राआधी कायदा बघा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची, असं कायद्यातच आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आलात तर ती पद्धत नव्हे.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचं गणितही याच वेळी करा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी सलग नोकरीची पाच वर्षं भरली की ती मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा येतो त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि वर्षांच्या संख्येने गुणा. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. हा आकडा २६,००० असेल आणि नोकरी ७ वर्षं ८ महिने झाली असेल तर वर्षं आठ आणि रक्कम १,२०,००० रुपये. पाच वर्षांना दोन महिने उरले असताना घाईने राजीनामा टाकणं म्हणजे काढणीच्या तोंडावर बाग सोडून जाणं.

ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही केली असेल तर ‘त्याला काही अर्थ नसतो हो’ हा मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. प्रत्येक मालकाचा प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही, पण आकडा माहीत करून घेऊनच पाऊल उचला.

दुसरी पायरी: पत्र

मराठीत लिहिलं तरी चालतं. एवढं पुरतं:

‘मी लेखापाल पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीनुसार ३० दिवसांची नोटीस आज, दि. ५ मे २०२६ रोजी देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस ४ जून २०२६ राहील. तोपर्यंत माझ्याकडील काम आपण सांगाल त्या व्यक्तीकडे सोपवीन. कृपया पोच द्यावी.’

पत्र दिल्याचा दिवस मोजणीत धरू नका, म्हणजे एका दिवसाचा वाद राहत नाही. ‘लवकरात लवकर कार्यमुक्त करावे’ हे वाक्य मात्र अजिबात लिहू नका. त्यात तारीख नाही, म्हणजे तारीख ठरवायचा हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने समोरच्याला दिलात. कारण लिहू नका, तक्रार तर नकोच.

तिसरी पायरी: तारीख पक्की करणं

खरं काम इथे आहे.

तारीख निवडताना सीझन आधी स्वतः बघा, म्हणजे दुसऱ्याला तो दाखवायची वेळ येत नाही. आंब्याच्या कारखान्यात एप्रिल-मेमध्ये कोणी कोणाला सोडत नाही, शेवटचा दिवस जूनमध्ये पडेल असं पत्र द्या. मासळीच्या कारखान्यात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी तुमच्या सोयीची, कारण १ ऑगस्टनंतर होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि माणूस हवा असतो. पतसंस्थेत ३१ मार्चच्या हिशेबाच्या आधी निघू नका, एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. हॉटेलात मे महिना, दिवाळी आणि नाताळ टाळा. गणपतीच्या तोंडावर तर कुठेच नको. सगळे रजेवर असताना तुमचं काम घ्यायला माणूस नसतो आणि मागे नाव तुमचंच खराब होतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. आजच्या मालकाचा साडू उद्याच्या मालकाचा हिशेबनीस निघणं ही इथे रोजची गोष्ट आहे.

हे सांभाळूनही कोणी ‘सीझन होऊ दे’ म्हणालं, तर हलायचं नाही.

सांगायचा क्रम पाळा. पहिल्यांदा थेट वरिष्ठाला, एकट्याला गाठून, सकाळी काम सुरू होताना. त्याआधी कोणालाही नाही. वाडीत सांगितलेली गोष्ट दुपारच्या एसटीने कारखान्यात पोहोचते. साहेबाला तुमचा राजीनामा टपरीवर कळला की प्रश्न नोटिशीचा राहत नाही, मानाचा होतो. मानाच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

ही नोकरी मामाच्या किंवा गावातल्या कोणा वडीलधाऱ्याच्या शब्दावर मिळाली असेल तर त्यांनाही त्याच दिवशी सांगा, पण संध्याकाळी, पत्र देऊन झाल्यावर. आधी सांगावं असं बरेच जण म्हणतात. चूक. आधी सांगितलं की तेच मध्यस्थ होतात, ‘माझ्या शब्दाखातर दिवाळीपर्यंत थांब’ म्हणतात, आणि त्यांना नाही म्हणणं मालकाला नाही म्हणण्यापेक्षा दसपट कठीण जातं. पत्र दिल्यावर गेलात तर तुम्ही परवानगी मागायला नाही, कळवायला आलेले असता. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, एवढंच.

बोलणं थोडकं ठेवा. ‘साहेब, मी राजीनामा देतोय. नोटिशीप्रमाणे शेवटचा दिवस ४ जून. पत्र आणलंय.’ आणि गप्प बसा. ही शांतता जड जाते आणि ती भरायला माणूस कारणं सांगू लागतो. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेली दोरी. पगार कमी म्हणालात तर दोन हजार वाढवतील. घर लांब म्हणालात तर खोली देऊ करतील. आईची तब्येत म्हणालात तर पंधरा दिवस रजा. मग तुमची सगळी कारणं संपलेली असतात आणि तुम्ही तिथेच. कारण एकच: ‘दुसरीकडे काम ठरलंय.’ कुठे, ते कार्यमुक्तीचा कागद हातात येईपर्यंत सांगायची गरज नाही.

पगारवाढ देऊ केली तर? ज्याला वाढ हवी होती त्याने ती राजीनाम्याआधी मागायची. राजीनामा दाखवून वाढ घेतलेला माणूस पुढे मालकाच्या मनात कायम ‘जाणारा’ असतो.

थांबण्याची गळ पडली की ‘बघतो’ म्हणू नका. ‘बघतो’ म्हणजे होकार, असाच अर्थ घेतला जातो. उत्तर असं द्या: ‘तारीख तीच राहील. पण नवीन माणसाला मी शिकवून जाईन, आणि गेल्यावर आठवडाभर संध्याकाळी सहा ते सात फोन उचलीन.’ जे द्यायचं त्याला हद्द हवी. खरंच थांबायची इच्छा असेल तर एकदाच, फार तर आठ-दहा दिवस, तेही आधी नव्या मालकाकडून रुजू व्हायची तारीख लेखी बदलून घेऊन. मग जुन्या ठिकाणी सुधारित तारखेचं पत्र द्या. तोंडी वाढवलेली तारीख दुसऱ्यांदाही वाढते.

बोलणं झालं की त्याच बैठकीत पोच घ्या. पत्राच्या दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर ‘मिळाले’, सही, शिक्का आणि तारीख. बरेच साहेब इथे बिचकतात, त्यांना वाटतं सही म्हणजे मंजुरी. सरळ सांगा, ‘ही फक्त पोच, मंजुरी तुम्ही सवडीने द्या.’ निम्म्या वेळी एवढ्यावर काम होतं. तरीही सही नाकारली तर त्याच दिवशी तेच पत्र ईमेलने पाठवा. लहान हॉटेलं, दुकानं यांना ईमेल नसतो, तिथे पोस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यामुळे खिडकीवर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट मागा आणि पोहोचल्याचा पुरावाही मागा. पावती आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो हवा तर जोडीला टाका, नुसत्या त्यावर विसंबू नका.

‘राजीनामा मंजूर नाही’ असं ऐकायला मिळालं तर घाबरू नका. तुमच्याविरुद्ध चौकशी चालू असेल तर गोष्ट वेगळी. एरवी करारातली नोटीस पूर्ण केलेल्या माणसाला कोणी जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही. मालक फार तर न भरलेल्या नोटिशीचे पैसे मागू शकतो. मात्र नोटिशीतला एकही दिवस न सांगता बुडवू नका, नाहीतर हातातली बाजू जाते. सात तारखेला पगार घेऊन आठ तारखेला फोन बंद करायची रीत हॉटेल धंद्यात रुळली आहे. अशांचा अनुभवाचा दाखला जातो, चालू महिन्याचे दिवस अडकतात आणि पुढच्या मालकाच्या एका फोनवर सगळं कळतं.

चौथी पायरी: काम सोपवणं

यादी करा, घेणाऱ्याची सही घ्या. रोकड हाताळत असाल तर शेवटच्या दिवशी दोघांनी बसून नोटा मोजा आणि आकडा लिहून दोघांच्या सह्या करा. पिग्मीचं काम असेल तर खातेदारांच्या पुस्तकातल्या नोंदी संस्थेच्या नोंदींशी आधी ताडून घ्या, फरक नंतर निघाला तर तो तुमच्या नावावर जातो. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तो जामीन नोकरीबरोबर सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

हॉटेल आणि होमस्टेवाल्यांची भानगड निराळी. बुकिंगचा नंबर बऱ्याचदा मॅनेजरचा स्वतःचा मोबाइल असतो. नोटीस देताच नवा नंबर घ्यायला लावा, गुगलवरच्या नोंदीत आणि फलकावर बदलून घ्या, आणि पुढच्या सगळ्या बुकिंगांची आगाऊ रकमेसह यादी द्या. नाहीतर पुढची दोन वर्षं ‘एसी रूम आहे का?’ला उत्तरं देत बसाल.

कंपनीची खोली सोडताना विजेच्या मीटरचा फोटो काढा.

पाचवी पायरी: पैसे आणि दाखले

वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘हिशेब पुढच्या महिन्यात’ असं सांगितलं तर हे नम्रपणे आठवून द्या. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे. बोनस बहुतेक जण विसरतात. कायद्याने बोनसला पात्र असाल आणि हिशेबी वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल, तर जूनमध्ये सोडून गेलेल्यालाही त्याच्या वाटणीचा बोनस मिळायला हवा. दिवाळीला फोन करून मागा, लाजू नका.

अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र हे दोन वेगळे कागद. दोन्हींत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख टेबलाजवळ उभं राहूनच तपासा. मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात ठेवली असतील तर ती मात्र राजीनाम्याच्या आधीच परत घ्या.

नव्या ठिकाणी जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा आकडा द्या. दोन्ही मालकांनी वेगवेगळी सूट धरली तर वर्षाअखेर कर एकदम भरावा लागतो.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शनचेही पैसे काढले की आधीची वर्षं मोजणीतून जातात. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः यूएएनने, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाने, भरू शकता. ती पत्रातल्या तारखेशी जुळवूनच भरा, एकदा गेलेली तारीख दुरुस्त करणं कटकटीचं असतं.