अभयारण्यात प्राण्या-झाडांसाठी थंड आसरे निवडताय? या चुका टाळा

नकाशावर एक थंड पट्टा दिसला, त्याला ‘क्लायमेट रेफ्युजिया’ (हवामान बदलातही जीव तग धरू शकतील असा आसरा) नाव दिलं आणि मॅनेजमेंट प्लॅनमध्ये टाकला, की झालं काम असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि घोळ नेमका इथूनच सुरू होतो. आधी विचारा, आसरा कोणाला आणि कशापासून? उन्हाच्या तडाख्यापासून वाचवणारी जागा दुष्काळापासून वाचवेलच असं नाही. बेडकांचंच बघा ना, त्यांना गारवा हवा, पण त्यांना मारणारी काइट्रिड बुरशीसुद्धा १७ ते २५ अंशांतच जोमात वाढते, म्हणजे गार जागा बघून खुश व्हायच्या आधी तिथे रोग आहे का ते तपासा.

दुसरी चूक, हवामान मॉडेलच्या १ किलोमीटरच्या ग्रिडवर, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांवर, आंधळा विश्वास. एवढ्या चौकोनात तापलेला कडा पण येतो आणि सावलीतली घळ पण, मॉडेल दोघांची सरासरी काढून मोकळं होतं. म्हणून डेटा लॉगर, म्हणजे जागेवरच तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं, लावायचे, पण पांढऱ्या कव्हरशिवाय भर उन्हात नको, नाहीतर तुम्ही हवेचं नाही, तापलेल्या डब्याचं तापमान मोजत बसाल.

आता लॉगर नीट लावूनही रिडिंग मॉडेलशी जुळत नसेल तर लगेच तो खराब आहे म्हणून काढू नका. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे तळ वरच्या उतारापेक्षा गार निघू शकतो. पण दिवसाचं कमाल तापमानही बघा हं, रात्र गार पण दुपार तेवढीच भाजणारी असेल तर दुपारच्या उन्हाने मरणाऱ्या जातीला त्याचा काय उपयोग?

सगळ्यात महागात पडते ती वणव्याकडे केलेली डोळेझाक. कॅलिफोर्नियातल्या मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या वाळवंटी संरक्षित क्षेत्रातला सीमा डोम (Cima Dome) हा भाग, उंचावर, त्यातल्या त्यात गार, जोशुआ ट्री या वाळवंटी झाडासाठी पुढे टिकेल अशी जागा मानलेली. ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडली, ४३ हजार एकरांहून जास्त जळालं आणि अंदाजे १३ लाख जोशुआ ट्री गेली. हवामानाचा हिशोब बरोबर असेलही, पण आगीचा? याउलट ऑस्ट्रेलियात वोलेमी पाइन, १९९४ मध्ये एका खोल घळीत सापडलेलं झाड, जंगलात मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत. २०१९-२० च्या वणव्यात तिथे हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवली, पाण्याची व्यवस्था केली, आणि बहुतेक झाडं वाचली. म्हणजे घळ आपोआप वाचवत नाही, तिच्यासाठी पण फायर प्लॅन लागतोच.

झऱ्यावर जगणारा आसरा असेल तर हद्दीबाहेर बघा. कुंपण पक्कं, गस्त चोख, आणि पलीकडच्या बोअरवेल भूजल उपसतायत, मग आत झरा आटला की चूक कोणाची शोधत बसायचं. आणि वाट? गार जागेपर्यंत पोचायला सलग अधिवास नसेल तर ती रिकामीच राहणार.

शेवटची गोष्ट, आसरा कायमचा नसतो, बऱ्याचदा फक्त वेळ मिळवून देतो. म्हणून जागा निवडतानाच लिहून ठेवा की काय झालं तर ती सोडायची, उदाहरणार्थ झरा लागोपाठ किती उन्हाळे आटला किंवा नवीन रोपं किती वर्षं दिसलीच नाहीत, नाहीतर मेलेल्या जागेवर वर्षानुवर्षं बजेट जात राहतं.