इंटरव्ह्यूची तयारी करा, पण झोप मोडून नको
सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी रोज कोडिंगचे दोनच प्रॉब्लेम घ्या. अर्धा तास डोकं लावूनही सुटलं नाही तर सरळ सोल्यूशन वाचा, त्यात कमीपणा नाही, फक्त दुसऱ्या दिवशी ते न बघता कोऱ्या पानावर परत लिहा आणि लिहिताना मोठ्याने बोला, म्हणजे बायनरी सर्च (सॉर्टेड ॲरेत, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत, दरवेळी मधला आकडा बघत शोधणं) असेल तर 'ॲरे सॉर्टेड आहे, दरवेळी अर्धा भाग सोडतोय, म्हणून १० लाख आकड्यांतही २० वेळा बघून भागतं' असं. इंटरव्ह्यूत हेच बोलणं कामी येतं. रात्र रात्र जागू नका हो, वाचलेलं झोपेत पक्कं होतं. रिजेक्शन आलं तर अडलेला प्रश्न वहीत लिहा, लॅपटॉप बंद करा, जवळच्या कुणाला फोन करा. धडधड आठवडाभर जातच नसेल तर डॉक्टरांना नाहीतर काउन्सेलरला भेटा, इंटरव्ह्यूची तारीख पुढे मागून घेता येते.